गाडगेबाबांचा खराटा आणि आपली गल्ली



विहाराच्या स्मरणिकेत गाडगेबाबांचा लेख कशाला, असं काही जण विचारतील. बाबा कीर्तनात गोपाळाचं नाव घ्यायचे, आपला मार्ग बुद्धाचा. तरीपण कळंब्यातल्या आपल्या गल्लीला आज या माणसाची गरज आहे, असं आम्हाला वाटतं. म्हणून त्यांचं चरित्र थोडक्यात मांडतो.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट समाजात झाला. नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई पोराला घेऊन दापुरे गावी भावाकडे आल्या. तिथं डेबूजींनी गुरं राखली, नांगर धरला. शाळा नाहीच. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली, ते डोळ्यांनी पाहिलं. पुढं मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत न घालता त्यांनी गोडधोड वाढलं.

१९०५ साली त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मातीचं गाडगं. त्यातच भाकरी खायची, त्यातच पाणी प्यायचं, त्यावरून नाव पडलं. गावात पाऊल टाकलं की कुणाची ओळख न काढता रस्ता झाडायला सुरुवात. दिवसा गावातली घाण काढायची आणि रात्री कीर्तनात माणसांच्या डोक्यातली. नवस, पशुबळी, कर्ज, दारू, शिवाशिव, कशालाच सोडलं नाही. भांडी विकायची पाळी आली तरी पोरांना शिकवा, हा त्यांचा आग्रह.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. चावडी झाडणं, मेलेली ढोरं ओढणं ही कामं आपल्या वाडवडिलांच्या माथी जातीनं मारली होती. ती टाकून द्या असं बाबासाहेबांनी शिकवलं, ते योग्यच. बाबांचा खराटा वेगळा. तो त्यांनी स्वतःहून उचलला आणि गावातल्या सगळ्यांच्या हातात दिला. आपली घाण खालच्या जातीनं काढावी, ही समजूतच त्यांना झाडून टाकायची होती. मग आज आपण रस्त्यावर पिशवी भिरकावतो, तेव्हा ती कोण उचलेल असं धरून चालतो? घंटागाडीवरचा माणूस आपलाच भाऊ असतो.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी डॉ. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ साली कराडच्या महाविद्यालयाला बाबांचं नाव दिलं. एवढ्या धर्मशाळा बांधल्या, पण स्वतःसाठी एक खोली ठेवली नाही. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ रोजी गेले आणि चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, बाबाही गेले. सन २००० मध्ये शासनानं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं.

आता आपल्याकडे बघू. ज्या कळंबा तलावानं कोल्हापूरला पिढ्यान् पिढ्या पाणी पाजलं, त्याच्या काठाला लोक प्लास्टिक टाकून जातात. विहाराच्या मागच्या कोपऱ्याचंही कोंडाळं झालं होतं. बाहेरचे लोक टाकतात म्हणून आम्ही तावातावानं बोलायचो. एका रविवारी पोरांबरोबर तो कोपरा उपसला, तर एका पिशवीत आमच्याच घरचं लाईट बिल निघालं! मान खाली गेली. आम्ही गिरणीत उभं आयुष्य काढलं. तिथं पाळी संपताना मशीनखालचा कापूस झाडला नाही तर आग लागायची भीती, म्हणून रोज झाडायचो. ती शिस्त घरी मात्र आणली नव्हती.

तेव्हा विनंती एवढीच. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करा, घंटागाडीतच द्या. रात्री कुणी टाकताना दिसला तर भांडू नका, पिशवी हातात देऊन परत पाठवा. आणि दर रविवारी वंदना झाल्यावर एक तास खराटा धरू. पहिला खराटा आम्ही धरतो, कारण पिशवी आमच्या घरची होती.

जयभीम! नमो बुद्धाय!