डॉ. आनंदीबाई जोशी

ठाणे जिल्ह्यातील कल्याण हे गाव आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचे आहे. त्याच गावच्या जोशी घराण्यात ता. ३१ मार्च १८६५ रोजी यमुना नावाची कन्या जन्मास आली. परदेशी जाऊन वैद्यकीय पदवी मिळविणाऱ्या डॉ. आनंदीबाई त्या ह्याच. त्यांची विद्या सर्वविश्रुत आहे. परंतु दुसऱ्याचा रोष होईल या भीतीने मनातील सत्य न दडविण्याचा त्यांचा गुण तितकाच थोर होता. त्याविषयी आम्ही येथे चार शब्द लिहीत आहो.

नवव्या वर्षी त्यांचा विवाह पोस्ट खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. पतीच्या आग्रहाने त्या लिहूवाचू लागल्या. चौदाव्या वर्षी झालेला पुत्र अवघ्या दहा दिवसांत दगावला. त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा त्यांचा निश्चय झाला. गोपाळरावांनी रे. वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यांस पत्र लिहून साहाय्य मागितले. वाइल्डर साहेबांनी ते आपल्या मासिकात छापले, परंतु उत्तरात ख्रिस्ती होण्याविषयी सुचविले. ती गोष्ट उभयतांस मान्य झाली नाही. पुढे १८८० साली न्यू जर्सीतील कार्पेंटर बाईंच्या वाचनात ते पत्र आले आणि त्यांनी आनंदीबाईंस मायेने पत्र धाडले.

आनंदीबाई एकट्या अमेरिकेस जाणार हे कळताच आप्तेष्टांत व परक्यांत नाना तर्क सुरू झाले. त्या वेळी गोपाळरावांची नोकरी बंगालमधील श्रीरामपूर येथे होती. डॉ. केरी यांनी मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली छापले ते याच गावी. तेथील मिशन कॉलेजच्या दिवाणखान्यात ता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी इंग्रजीत जाहीर व्याख्यान दिले. वयाची १८ वर्षेही तेव्हा पुरी झाली नव्हती.

लोक जे आडून विचारीत, ते प्रश्न त्यांनी स्वतःच सभेपुढे मांडले व एकेकाचे उत्तर दिले. शिकावयास निघालेल्या स्त्रीला रस्त्यात लोक कसे हसतात व खडे मारतात, हे त्यांनी सांगितले. या देशातील वैद्यकीय शिक्षणाची उणीव दाखविली. जातीच्या बहिष्कारास आपण भीत नाही, असे बजावले. आणि मिशनच्याच छताखाली, युरोपियन श्रोत्यांसमक्ष, आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, हेही निःसंकोचपणे सांगितले. स्वकीयांचा राग नको म्हणून त्यांनी बेत लपविला नाही आणि परक्यांचे साहाय्य हवे म्हणून धर्माविषयी गोड बोलल्या नाहीत. तथापि त्यांच्या भाषणात कोणाविषयी तुच्छता नव्हती.

आम्ही ख्रिस्ती आहो. त्यांनी प्रभूचा स्वीकार केला असता तर आम्हांस आनंदच झाला असता. परंतु भीतीने वा लोभाने दिलेला होकार देवासही प्रिय होत नाही, असे आम्ही मानतो. म्हणून त्यांचा स्पष्ट नकार आम्हांस आदरणीय वाटतो. तो ऐकूनही ज्यांनी सभेस जागा दिली त्यांचे, आणि ज्यांनी घरात मुलीसारखे ठेवून घेतले त्या कार्पेंटर बाईंचे औदार्यही तितकेच आदरणीय होय.

ता. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून त्यांस पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांस मिळाले होते. परंतु क्षयाने देह पोखरला होता. ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास, २२ वर्षे पुरी होण्याआधीच, त्यांचे देहावसान झाले. दिलेल्या शब्दाप्रमाणे त्या हिंदू राहूनच परत आल्या होत्या.

विद्यार्थिमित्रहो, वर्गात किंवा घरी आपले मत निराळे असेल तर ते नम्रपणे, पण पुरतेपणी सांगावयास शिका. आणि पालकांस आमची विनंती अशी की, मुलांचे बोलणे रुचले नाही तरी ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. श्रीरामपूरच्या त्या सभेत बोलणारी व ऐकणारे, दोघांनीही आपले कर्तव्य केले होते.