जखम आणि कृपा : संत कामिल्लस दे लेल्लिस

मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें दर पन्नासाव्या वर्षीं इस्राएल लोकांत ज्युबिली पाळीत. त्या वर्षीं विकलेली जमीन मूळ धन्याच्या कुळाकडे परत जाई आणि दारिद्र्यापायीं दास झालेला मनुष्य मोकळा होऊन आपल्या माणसांत येई. गमावलेलें परत मिळावें, दूर गेलेल्यानें घरीं यावें, हाच त्या वर्षाचा गाभा होय. म्हणून आपल्या देवालयाच्या ज्युबिलीनिमित्त आम्ही अशा एका संताचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों, कीं ज्याचा जन्म १५५० ह्या पवित्र वर्षीं झाला आणि मनःपरिवर्तन १५७५ ह्या पवित्र वर्षीं झालें.

कामिल्लस दे लेल्लिस हा इटलींतील आब्रुत्सी प्रांतांत बुक्कियानिको ह्या गांवीं २५ मे १५५० रोजीं जन्मला. बाप शिपाईगडी, बहुधा मोहिमेवर; आई उतारवयाची. मूल पोटांत असतांना तिला एक स्वप्न पडलें, अशी परंपरा आहे. छातीवर तांबडा क्रूस ल्यालेला आपला मुलगा तसाच क्रूस ल्यालेल्या मुलांच्या पुढें चालला आहे, असें तिनें पाहिलें. आणि पोर दरोडेखोरांचा नायक होणार, अशी त्या माउलीस धास्ती पडली. मुलगा लहान असतांनाच ती वारली. पुढें हा धिप्पाड, तापट तरुण बापाबरोबर शिपाईगिरीस गेला आणि छावणींत जुगाराच्या पुरता आहारीं गेला.

ह्याच सुमारास त्याच्या पायाला जखम होऊन ती चिघळली. उपचारासाठीं तो १५७१ सालीं रोम शहरांतील सान जाकोमो ह्या असाध्य रोग्यांच्या इस्पितळांत आला आणि तेथेंच चाकरीस राहिला. परंतु फाशांचा व पत्त्यांचा नाद सुटेना; भांडणें तर नित्याचींच. शेवटीं चालकांनीं त्याला काढून लाविलें. पुन्हा शिपाईगिरी, पुन्हा जुगार. १५७४ सालीं नेपल्स येथें पैसा गेला, हत्यारें गेलीं, अंगांतला सदरासुद्धां गेला, असें सांगतात.

भीक मागत तो मान्फ्रेदोनिया शहरीं आला आणि कापुचिन मठाच्या बांधकामावर मजूर राहिला. एके दिवशीं त्याला कामानिमित्त सान जोव्हान्नी रोतोंदो येथील मठांत पाठविलें. तेथील मठाधिपतीनें त्याच्याशीं देवाविषयीं व पापाविषयीं सरळ मनानें चार गोष्टी केल्या. दुसरे दिवशीं, २ फेब्रुवारी १५७५ रोजीं, मेणबत्त्यांच्या सणास, परतीच्या वाटेवर त्या गोष्टी त्याच्या अंतःकरणांत शिरल्या. रस्त्यांतच गुडघे टेकून तो आपल्या वाया गेलेल्या तारुण्याबद्दल ढसढसा रडला.

त्याची खरी परीक्षा येथून पुढें सुरू झाली. कापुचिन मठवासी व्हावें म्हणून तो मोठ्या उमेदीनें गेला. पण झग्याच्या घर्षणानें जखम पुन्हा उघडली आणि त्याला परत पाठविण्यांत आलें. बरा होऊन तो पुन्हा गेला. पुन्हा तेंच झालें. पापांची क्षमा झाली होती, परंतु जखम गेली नव्हती. आतां जावें कोठें? ज्या सान जाकोमोनें त्याला हाकलून दिलें होतें, त्याच्याच दाराशीं तो आला. चालकांनीं त्याला आंत घेतलें. इतकेंच नव्हे, तर पुढें १५७९ सालीं त्याच इस्पितळाचा कारभारी नेमिलें.

स्वतः रोगी व चाकर राहिल्यामुळें पगारी नोकर रोग्यांची कशी हेळसांड करितात, तें त्याला पुरतें ठाऊक होतें. मोलासाठीं राबणाऱ्यांच्या जागीं, आई आपल्या आजारी लेकराची करिते तशी सेवा देवाच्या प्रीतीस्तव करणारीं माणसें आणावीं, हा विचार १५८२ सालीं त्याच्या मनांत आला. त्यासाठीं तिशी उलटल्यावर मुलांच्या बांकावर बसून तो लॅटिन शिकला आणि १५८४ सालीं गुरुदीक्षा पावला. १५८६ सालीं पोप सिक्स्तस पांचवे ह्यांनीं फादर कामिल्लस ह्यांच्या मंडळास मान्यता दिली आणि झग्यावर तांबडा क्रूस धारण करण्याची अनुज्ञा दिली. आईच्या स्वप्नाचा अर्थ तेव्हां उलगडला. १५९१ सालीं ह्या मंडळाचा धर्मसंघ झाला. प्राणावर बेतलें तरी रोग्यांची सेवा सोडणार नाहीं, असा चौथा व्रतबंध हे सेवक घेऊं लागले, आणि प्लेगच्या साथींत त्यांपैकीं अनेकांनीं तो प्राण देऊन पाळला.

जखम मात्र चाळीसहून अधिक वर्षें, मरेपर्यंत राहिली. चालणें अशक्य झालें, तेव्हांहि फादर कामिल्लस सरपटत एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे जात. रोग्यांमध्यें त्यांस ख्रिस्तच दिसे. कधीं कधीं त्यांच्यापुढें गुडघे टेकून ते आपल्या पापांची क्षमा मागत. १४ जुलै १६१४ रोजीं रोम येथें त्यांनीं देह ठेविला. १७४६ सालीं ते संतपदास चढले. १८८६ सालीं रोग्यांचे व इस्पितळांचे, आणि १९३० सालीं परिचारकांचे आश्रयदाते म्हणून पोपमहाशयांनीं त्यांस जाहीर केलें.

वाचकहो, पापनिवेदनानें पाप जातें, तरी त्याचे व्रण पुष्कळदां राहतात : मोडलेला संसार, गेलेली पत, खंगलेलें शरीर. ते राहिले म्हणून क्षमा खोटी ठरत नाहीं. कामिल्लसच्या पायाची जखम बरी झाली असती, तर ते मठांत राहिले असते. ती राहिली, म्हणून ते रोग्यांकडे आले. आपल्या धर्मग्रामांतहि कोणी दारूपायीं, कोणी वैरापायीं, कोणी निव्वळ लाजेपायीं वर्षानुवर्षें देवालयाची पायरी चढलेले नाहींत. त्यांस आमचें सांगणें, कीं जखमेसकट या. ती बरी होण्याची वाट पाहत बाहेर थांबूं नका. आणि जे आंत आहेत त्यांस विनंती, कीं सान जाकोमोच्या त्या चालकांची आठवण ठेवा. त्यांचीं नांवें आज फारसें कोणी जाणत नाहीं. पण हाकललेल्या माणसास त्यांनीं पुन्हा दार उघडलें, म्हणून ख्रिस्तसभेला एक संत लाभला.