विश्लेषण : क्युबाच्या घराघरांतली दैवते कागदावर आणणाऱ्या लिडिया काब्रेरा कोण होत्या?

क्युबातील कौटुंबिक कादंबऱ्यांत मेलेली माणसे घरी परततात आणि आजारपणात दैवतांना साकडे घातले जाते. वाचकाला ही लेखकाची कल्पना वाटते. प्रत्यक्षात त्यामागे लोकांचा जिवंत धर्म आहे. तो लिहून ठेवण्याचे मोठे काम लिडिया काब्रेरा यांनी केले.

हा धर्म कोणता?

आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या योरुबा लोकांनी आपली दैवते, म्हणजेच ओरिशा, कॅथलिक संतांच्या आड जपली. विजेचा देव चांगो संत बार्बराच्या रूपात पुजला जाऊ लागला. यातून सांतेरिया पंथ घडला. क्युबात १८८६ मध्ये गुलामगिरी संपली, तरी पुढे अनेक वर्षे या श्रद्धांना जादूटोणा ठरवून पोलीस कारवाई होत असे.

काब्रेरा इकडे कशा वळल्या?

त्यांचा जन्म १८९९ मध्ये हवानातील सधन घरात झाला. वडील राइमुंडो वकील आणि लेखक होते. घरात काम करणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांकडून त्यांनी लहानपणी गोष्टी ऐकल्या. चित्रकला शिकायला त्या १९२७ मध्ये पॅरिसला गेल्या. तिथे असताना आजारी मैत्रीण, वेनेझुएलाच्या लेखिका तेरेसा दे ला पारा यांचे मन रमावे म्हणून त्यांनी तशाच गोष्टी लिहिल्या. त्या १९३६ मध्ये फ्रेंचमध्ये आणि १९४० मध्ये मूळ स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध झाल्या.

‘एल मोंते’ महत्त्वाचे का?

१९३८ मध्ये परतल्यावर हवानाजवळच्या पोगोलोत्ती वस्तीतील वृद्धांकडे त्या वर्षानुवर्षे जात राहिल्या. गोऱ्या, श्रीमंत बाईपुढे कोणी लगेच मन मोकळे करणार नव्हते. विश्वास बसल्यावर मात्र मंत्र, विधी, औषधी वनस्पती यांची माहिती मिळत गेली. १९५४ च्या ‘एल मोंते’त त्यांनी ही माहिती सांगणाऱ्यांच्याच बोलीत, खरे-खोटे न ठरवता मांडली. पुढे पंथाचे पुजारीही हा ग्रंथ चाळू लागले.

नंतर काय झाले?

क्रांतीनंतर १९६० मध्ये त्यांनी क्युबा सोडले. त्या परत कधीच गेल्या नाहीत. १९९१ मध्ये मायामीत त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी क्रिस्टिना गार्सिया यांची ‘ड्रीमिंग इन क्युबन’ ही कादंबरी आली. तिच्यात दिवंगत नवरा समुद्रावर दिसतो आणि मुलगी सांतेरियाची दीक्षा घेते.

ज्या श्रद्धांपायी कधी पोलिसांची धाड पडत असे, त्यांविषयीची काब्रेरांची कागदपत्रे आज मायामी विद्यापीठात जतन केलेली आहेत.