हाफकिन

गेल्या वर्षी चाकणच्या कारखान्यातर्फे माझ्या काकांना केनियाला जायचे ठरले. काम संपल्यावर जंगलात सिंह, हत्ती पाहून यायचे, असा बेतही झाला. पण त्याआधी पीतज्वराची लस हवी, तीही निघण्यापूर्वी किमान 10 दिवस. शिवाय हिवतापाच्या गोळ्या. त्या परतल्यावरही काही दिवस घ्यायच्या. दिघीच्या आमच्या घरात आजी अडून बसली. धडधाकट माणसाला सुई का टोचायची? कॉलेजात जाणारी घरातली पहिली मीच, म्हणून उत्तर माझ्याकडे मागितले गेले. ते शोधताना ग्रंथालयात मला वाल्डेमार हाफकिन भेटले.

हाफकिन यांचा जन्म 1860 सालचा, ओडेसा शहरातल्या ज्यू कुटुंबातला. शास्त्राची मोठी पदवी मिळवूनही पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना प्रथम काम मिळाले ते ग्रंथपालाच्या मदतनिसाचे! (हे वाचून मला फार धीर आला.) 1892 मध्ये त्यांनी पटकीची लस केली आणि प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

1896 मध्ये मुंबईत प्लेग उसळला. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली. 10 जानेवारी 1897 रोजी पहिली सुई पुन्हा स्वतःच्याच अंगात! मात्रा नेहमीपेक्षा कितीतरी मोठी होती, आणि त्यांना ताप भरला. मग भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा स्वखुशीने लस घेतलेले कैदी इतरांपेक्षा पुष्कळच वाचले. त्याच वर्षी पुण्यात गोरे सोल्जर घरोघरी शिरून झडत्या घेत होते. सरकारी औषधाची भीती आपल्याकडे कुठून आली, हे मला तेव्हा उमगले.

त्यांचा कडेलोट झाला तो 1902 मध्ये. पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेल्या 107 जणांपैकी 19 जण धनुर्वाताने दगावले. सगळे एकाच बाटलीतले. बाटली उघडताना खाली पडलेला चिमटा नीट निर्जंतुक केला नव्हता, असे पुढे उजेडात आले. पण दोष आला तो हाफकिन यांच्या माथी, आणि परळची प्रयोगशाळा सुटली. त्यांच्या बाजूने विलायतेत लिहिणाऱ्यांत रोनाल्ड रॉस होते. हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात शोधणारे, काकांच्या गोळ्या-मच्छरदाणीशी ज्यांचे नाते लागते, तेच हे रॉस. 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले, पण परळ त्यांना परत मिळाले नाही. कलकत्त्यात काही वर्षे काढून ते निवृत्त झाले. 1925 मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले; 1930 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ते वारले.

मुलकोवालची गोष्ट आजीपासून लपवावी, असे एकदा मनात आले होते. पण सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग काकांना म्हणाली, बाटली नवी आहे का ते बघून घे.

लस घेतल्यावर काकांना बारीक ताप आला. आजी रात्रभर उशाशी बसून होती. पहाटे तिने मला विचारले, त्या साहेबाला ताप आला तेव्हा जवळ कोण होते? त्यांनी लग्न केले नव्हते, एवढेच मला सांगता आले.