पिकअप नाही? बर्थाबाईंना विचारा!

कुणाची सेकंडहँड गाडी पिकअप घेत नाही म्हटलं की आपण मेकॅनिकलवाले लगेच शहाणपण सुरू करतो. कुणी म्हणतं फ्युएल फिल्टर, कुणी प्लग, कुणी क्लच. बॉनेट उघडायच्या आधीच तीन निदानं तयार! १८८८ साली हेच काम एका बाईने भर रस्त्यात केलं. तेव्हा ना गॅरेज होतं, ना मॅन्युअल, आणि इंजिनिअरिंगला तिला कुणी ॲडमिशनही दिली नसती. तिचं नाव बर्था बेंझ.

बर्था रिंगर जन्मली ३ मे १८४९ ला, जर्मनीतल्या फॉर्झहाइम गावी. घरचं बरं होतं. पुन्हा मुलगीच झाली म्हणून वडिलांनी घरच्या बायबलमध्ये नाराजी लिहून ठेवली होती, आणि पुढे ती तिच्या वाचनात आली असं सांगतात. कार्ल बेंझ हा कार्ल्सरूहला शिकलेला इंजिनिअर. डोकं अफाट, पण व्यवहारात कच्चा. त्याचं वर्कशॉप बुडायला आलं तेव्हा बर्थाने आपला हुंडा लग्नाआधीच मागून घेतला आणि त्यातून भागीदाराचा हिस्सा सोडवला. हुंड्याचा यापेक्षा बरा उपयोग निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. १८७२ मध्ये लग्न झालं.

२९ जानेवारी १८८६ ला कार्लने तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. इंजिन ९५४ सीसीचं, ताकद एक हॉर्सपॉवरसुद्धा नाही. पुढच्या दोन वर्षांत सुधारित गाड्या झाल्या, पण गिऱ्हाईक फिरकेना. कार्ल आपला वर्कशॉपमध्ये आणखी थोडं सुधारू म्हणत बसलेला. सगळा पैसा त्या गाडीत अडकलेला, आणि ती लांबचा पल्ला मारते की नाही हे कुणी बघितलेलंच नाही!

ऑगस्ट १८८८ मधल्या एका पहाटे कार्ल झोपेत असताना बर्थाने पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड यांना घेतलं आणि मॅनहाइमहून माहेरची वाट धरली. नवऱ्याला न विचारता. अंतर शंभरएक किलोमीटर, रस्ते घोडागाड्यांचे.

वाटेत इंधनाची नळी तुंबली. पेट्रोल पोचत नाही म्हटल्यावर इंजिन दम टाकणारच. बाईंनी टोपीची लांब पिन काढली आणि नळी मोकळी केली. मग इग्निशनची वायर उघडी पडली, म्हणजे स्पार्क भलतीकडेच जाणार. तिला मोज्याचा गार्टर गुंडाळला. चेन सैल पडली ती लोहाराकडून ठीक करून घेतली. कूलिंगचं पाणी वाफ होऊन उडायचं, ते मिळेल तिथे भरायचं. वीसलोख गावी इंधन संपत आलं, तर औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन घेतलं. कपड्यांवरचे डाग काढायला वापरायचे ते. आज त्या दुकानाला जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणतात.

इंधन, स्पार्क, कूलिंग, चेन. गाडी ओढत नसेल तर आजही साधारण याच वाटेने जायचं असतं. पण खरी गोष्ट पुढे आहे. हे सगळं ठीकठाक असतानाही चढ आला की गाडी मान टाकायची. पोरांनी खाली उतरून ढकलायचं. आपल्यातला एखादा इथे पुन्हा नळ्या साफ करत बसला असता. बर्थाच्या मात्र लक्षात आलं की यात बिघाड काहीच नाही, गाडीची घडणच अशी आहे. इंजिनचा टॉर्क तेवढाच, चढावर चाकाला जोर जास्त हवा, मग रेशो बदलल्याशिवाय तो येणार कुठून? पिन लावून सुटणारा दोष आणि ड्रॉइंग बोर्डावर न्यायची उणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला मुक्कामाला पोचायच्या आत कळलं होतं. (आपल्याला व्हायवात कळतं, तेही सरांनी विचारल्यावर.)

उतारावर वेगळाच ताप. लाकडी ब्रेक झिजले, म्हणून मोच्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगची सुरुवात ती हीच, असं मानतात. संध्याकाळी फॉर्झहाइमला पोचल्यावर कार्लला तार केली.

काही दिवसांनी गाडी चालवतच परतली. मग चढासाठी कमी वेगाचा आणखी एक गिअर बसवायला तिने सुचवलं आणि कार्लने तो बसवला. प्रवासाचा बोभाटा झाला आणि गाडीवरचा लोकांचा विश्वासही वाढला. पुढे बेंझचा कारखाना मोठा झाला. पेटंटवर नाव अर्थातच एकट्या कार्लचं.

कार्ल १९२९ मध्ये गेला. बर्था लाडेनबुर्गला राहत होती. तो शिकला त्या कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यालयाने १९४४ मध्ये, तिच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी, तिला मानद सिनेटर केलं. दोनच दिवसांनी, ५ मेला, ती गेली.