थोरांची ओळख : विल्बर राईट



आकाशात विमानाचा आवाज आला की आपण सगळे मान वर करून बघतो. वर्गात शिकवणं चालू असलं तरी मुलं खिडकीकडे धावतात. हे विमान पहिल्यांदा उडवणारे राईट बंधू आपल्याला माहीत आहेत. पण त्यांतला थोरला भाऊ विल्बर कसा होता, हे आपल्याला फारसं ठाऊक नसतं. आज त्याचीच ओळख करून घेऊ. त्यासाठी आधी मनानेच एका ठिकाणी सहलीला जाऊ.

टेकडीवरचे स्मारक

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात समुद्रकिनारी किल डेव्हिल हिल्स नावाचं गाव आहे. शेजारीच किटी हॉक. इथे ९० फूट उंचीची एक टेकडी आहे. ती मुळात वाळूची. वाऱ्याने सरकत जायची म्हणून तिच्यावर गवत लावून ती स्थिर केली आणि माथ्यावर ६० फूट उंचीचा ग्रॅनाइटचा स्तंभ उभारला. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी त्याचं लोकार्पण झालं. धाकटा भाऊ ऑर्व्हिल त्या दिवशी हजर होता. विल्बरला जाऊन मात्र तेव्हा वीस वर्षे झाली होती.

खाली सपाट मैदानात एक मोठा दगड आहे. पहिलं विमान जमिनीवरून उचललं गेलं ती ही जागा. पुढे एका रेषेत चार खुणेचे दगड आहेत. चार उड्डाणं कुठे कुठे संपली ते त्यावरून कळतं. पहिले तीन जवळजवळ आहेत आणि चौथा एकदम लांब आहे. बाजूला दोघे भाऊ राहायचे तशा लाकडी खोल्या पुन्हा बांधून ठेवल्या आहेत. संग्रहालयात त्या विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती बघायला मिळते.

जन्म आणि बालपण

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी इंडियाना राज्यात मिलव्हिल गावाजवळ झाला. वडील मिल्टन हे चर्चचे बिशप. आई सुझन हाताने वस्तू बनवण्यात हुशार होती. घरात पुस्तकं भरपूर. १८७८ साली वडिलांनी मुलांसाठी एक खेळणं आणलं. बूच, बांबू, कागद आणि रबर यांचं बनवलेलं ते खेळणं हवेत उडायचं. ते मोडल्यावर मुलांनी स्वतःच तसंच दुसरं बनवायला घेतलं.

विल्बर अभ्यासात आणि खेळात दोन्हीकडे पुढे होता. मोठ्या कॉलेजात जायचं ठरत होतं. पण बर्फावर हॉकी खेळताना काठी तोंडावर बसली आणि दात पडले. त्यानंतर तब्येत बिघडली, कॉलेज राहिलं ते राहिलंच. पुढची काही वर्षे तो घरातच होता. आईला क्षयरोग झाला होता, तिची सेवा त्याने केली. उरलेल्या वेळात वडिलांची पुस्तकं वाचली. १८८९ साली आई गेली.

सायकलचे दुकान

दोघा भावांनी डेटन शहरात आधी छापखाना काढला आणि १८९२ मध्ये सायकलचं दुकान. १८९६ साली जर्मनीचा ओटो लिलिएंथाल ग्लायडरवरून पडून मरण पावला. ती बातमी वाचून विल्बरचं मन पुन्हा उडण्याकडे वळलं. ३० मे १८९९ रोजी त्याने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून या विषयावरची पुस्तकं मागवली.

हवेत गेल्यावर तोल कसा सांभाळायचा, हा खरा प्रश्न होता. पक्षी पंखांची टोकं वळवून तोल सांभाळतात हे विल्बरने पाहिलं. एक दिवस दुकानात ट्यूबचं रिकामं खोकं हातात असताना त्याने ते सहज पिळलं आणि त्याला युक्ती सुचली. विमानाचे पंखही असेच पिळता येतील!

हिशोब चुकला तेव्हा

जोरदार वारा आणि मऊ वाळू पाहिजे म्हणून त्यांनी किटी हॉक निवडलं. १९०१ चं ग्लायडर मात्र फसलं. हिशोबाने जेवढं वजन उचलायला हवं होतं, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश उचललं. परत येताना विल्बर इतका निराश झाला होता, की आपल्या हयातीत माणूस उडेल असं त्याला वाटेना.

मुलांनो, गणित चुकलं की आपण काय करतो? वहीचं पान फाडतो. विल्बरने पान फाडलं नाही. प्रत्येक आकडा पुन्हा तपासला. दुकानातच एक लाकडी खोकं करून त्यात पंख्याने वारा सोडला आणि पंखांचे सुमारे २०० लहान नमुने तपासले. तेव्हा कळलं, की हवेच्या दाबाचा जो आकडा सगळे वर्षानुवर्षे वापरत होते तोच चुकीचा होता. १९०२ चं ग्लायडर छान उडालं.

१७ डिसेंबर १९०३

मग दुकानातला कारागीर चार्ली टेलर याने १२ अश्वशक्तीचं इंजिन बनवलं. १४ डिसेंबरला आधी कोण उडणार यासाठी छापा-काटा केला. विल्बर जिंकला, पण त्याने नाक जास्त वर उचललं आणि विमान वाळूत आदळलं. दुरुस्तीला तीन दिवस गेले. १७ तारखेला पाळी ऑर्व्हिलची होती. सकाळी १०.३५ ला तो १२ सेकंदांत १२० फूट उडाला. क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या तरी त्याहून जास्त लांबी होईल! दुपारी चौथ्या वेळी विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट गेला. थोड्या वेळाने वाऱ्याने उभं विमान उलथून मोडलं. ते पुन्हा कधीच उडालं नाही.

पहिला मान धाकट्याला मिळाला म्हणून दोघांत कधी भांडण झालं नाही. काम दोघांचं, नावही दोघांचं.

शेवट

बऱ्याच लोकांना ही गोष्ट खरी वाटत नव्हती. ८ ऑगस्ट १९०८ रोजी फ्रान्समध्ये ल माँ गावाजवळ विल्बरने सर्वांसमोर विमान उडवून वळवून दाखवलं, तेव्हा शंका घेणारे गप्प झाले. पण पुढच्याच महिन्यात अमेरिकेत ऑर्व्हिलचं विमान पडलं. ऑर्व्हिल जबर जखमी झाला आणि सोबतचा लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज मरण पावला. उडण्याची किंमत किती मोठी असते हे त्यातून कळतं.

नंतरची वर्षे पेटंटच्या कोर्टकचेऱ्यांत गेली. ३० मे १९१२ रोजी विषमज्वराने विल्बर वारला. वय फक्त ४५. लग्न केलं नव्हतं. वडील मागे होते.

उपक्रम : मैदानावर टेपने १२० फूट मोजा आणि दोन्ही टोकांना दगड ठेवा. मग ८५२ फुटांवर तिसरा दगड ठेवा (मैदान पुरलं नाही तर रस्त्याकडेला मोठ्यांसोबत जाऊन मोजा). एकाच दिवसात केवढा फरक पडला ते चालून बघा. आणि हो, या आठवड्यात चुकलेलं एक गणित पान न फाडता पुन्हा सोडवून आणा.