विश्लेषण : कान्होजी आंग्रेंच्या छोट्या गलबतांनी मोठी जहाजे कशी रोखली? साताऱ्याच्या गादीचा त्यात वाटा काय?

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठले, की कोकण सुरू होते. तरीही अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोकण किनाऱ्यावर कोणाचा हुकूम चालणार, याचा निर्णय बऱ्याच अंशी साताऱ्यात झाला. सरखेल कान्होजी आंग्रे (१६६९-१७२९) यांनी आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या जहाजांशी तीन दशके टक्कर दिली. त्यामागे जितकी नौकांची बांधणी होती, तितकेच राजकारणही होते.

कोण होते कान्होजी आंग्रे?

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुणे परिसरातील आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे नाव रूढ झाले. कान्होजींचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या सेवेत होते. कान्होजींचे बालपण हर्णै-सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेले. भरती-ओहोटी, खाड्यांची मुखे, खडकांच्या जागा आणि वाऱ्याच्या वेळा त्यांना तिथेच कळल्या. आरमारप्रमुख सिधोजी गुजर यांच्या निधनानंतर, १६९८ च्या सुमारास, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात आरमाराची सूत्रे कान्होजींकडे आली. त्यावेळी घाटावर मोगलांशी युद्ध सुरू होते आणि समुद्रात सिद्दी, पोर्तुगीज व मुंबईकर इंग्रज होते. अशा वेळी किनारा राखायचा तर साधने हाताशी होती तीच वापरावी लागणार होती.

गुराब आणि गलबत म्हणजे काय?

आंग्रेंच्या आरमारात प्रामुख्याने दोन प्रकारच्या नौका होत्या. गुराब साधारण दीडशे ते तीनशे टनांची, बहुधा दोन डोलकाठ्यांची. लांबीच्या मानाने रुंद आणि पुढे निमुळती होत गेलेली. तिच्या नाळेवर समोर मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा असत, बाजूंना त्याहून लहान तोफा. गलबत याहून लहान, सहसा सत्तर टनांच्या आतले. त्यालाही दोन डोलकाठ्या, पण मागची अगदी हलकी. मुख्य डोलकाठीवर एकच मोठे त्रिकोणी शीड. वजन कमी राहावे म्हणून अनेक गलबतांवर लाकडी तक्तपोशीऐवजी फोडलेल्या बांबूंचा तळ अंथरलेला असे आणि त्यावर फिरत्या छोट्या तोफा बसवलेल्या असत. चाळीस-पन्नास वल्ही मारली, की वारा नसतानाही गलबत तासाला चार मैल जाई. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते एवढा ताफा साधारणपणे मोहिमेवर निघे.

लढाईत त्यांचा उपयोग कसा होई?

युरोपीय जहाजांची चौकोनी शिडे मागून येणाऱ्या वाऱ्यावर उत्तम चालतात, पण वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून जाताना ती अडतात. तिरक्या काठीला बांधलेले त्रिकोणी शीड मात्र वाऱ्याला बरेच जवळ धरता येते. कोकण किनाऱ्यावर दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, तर रात्री जमिनीकडून मतलई वारे सुटतात. एक वारा पडून दुसरा सुटेपर्यंत मधला काही वेळ समुद्र निपचित असतो. मोठे जहाज त्या वेळी जागच्या जागी अडकते. गलबतवाल्यांना हीच वेळ हवी असे. ते वल्ही मारत गुराबांना दोरखंडाने ओढत आणत. गुराबा शत्रूच्या पिछाडीला उभ्या राहून मारा करत, कारण जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना असतात. शिडे आणि डोलकाठ्या निकामी झाल्या, की गलबते चारही बाजूंनी भिडत आणि सैनिक वर चढत. बेत फसला तर वल्ही मारत उथळ खाडीत शिरायचे. खोल बुडाचे जहाज तिथे पाठलाग करू शकत नसे.

अशा नौकांची निगा कशी राखली जाई?

लाकडी नौकेचा खरा शत्रू खारे पाणी. बुडाला शेवाळ व शिंपले चिकटले की वेग मंदावतो आणि लाकूड पोखरणारा समुद्री किडा तळ चाळणीसारखा करतो. नौका लहान आणि उथळ बुडाची असेल तर भरतीला वाळूवर आणून ओहोटीत तिचे बूड खरवडता येते, फटी बुजवता येतात, तेल लावता येते. मोठ्या जहाजाला त्यासाठी गोदी लागते. पावसाळ्यात समुद्र खवळला, की नौका किनाऱ्यावर ओढून शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात उतरवायच्या, ही कोकणची जुनी रीत. मोठ्या नौकांसाठी विजयदुर्गजवळ वाघोटण खाडीत खडक तासून केलेली गोदी आजही पाहता येते. शीड, दोर, सागवान आणि सुतार-लोहारांची मजुरी यांसाठी दरसाल पैसा लागे. तो किनाऱ्यावरच्या महालांतून आणि जकातीतून यायचा. त्यामुळे या महालांवर हक्क कोणाचा, हा आरमाराच्या दृष्टीने जगण्याचा प्रश्न होता.

साताऱ्याशी संघर्ष का झाला?

१७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले आणि १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. महाराणी ताराबाईंनी त्यांचा हक्क मान्य केला नाही. कान्होजी ताराबाईंच्या बाजूने होते. शाहूंनी १७१३ मध्ये पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवले. कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले, लोहगड घेतला आणि ते साताऱ्यावर चालून येणार अशी धास्ती निर्माण झाली.

शाहूंनी तेव्हा बाळाजी विश्वनाथ यांना पेशवाईची वस्त्रे दिली आणि हा पेच त्यांच्यावर सोपवला. बाळाजी मूळचे श्रीवर्धनचे. सिद्दीच्या जाचामुळे त्यांना गाव सोडावे लागले होते. त्यामुळे किनाऱ्याचे दुखणे त्यांना ठाऊक होते. लढाई न करता त्यांनी कान्होजींना समजावले. १७१४ च्या तहानुसार कान्होजींनी शाहूंचे स्वामित्व मानले आणि पिंगळ्यांना सोडले. बदल्यात सरखेल हे पद, दहा जंजिरे व सोळा किल्ले त्यांच्याकडे राहिले. आरमाराला उत्पन्न मिळाले आणि घाटमाथ्यावरून मदतीची हमीही. ताराबाईंची बाजू सोडण्याची किंमत मोजून कान्होजींनी हे मिळवले. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची सीमा पुढे १७३१ च्या तहाने वारणा नदी ठरली. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळणारी हीच ती वारणा.

चाचा की आरमारप्रमुख?

इंग्रजी कागदपत्रांत कान्होजींना सर्रास समुद्री चाचा म्हटले आहे. वादाचे मूळ होते दस्तक, म्हणजे या पाण्यातून जाण्याचा परवाना. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून असे परवाने सक्तीने घ्यायला लावत. कान्होजींनी छत्रपतींचे सरखेल म्हणून तोच अधिकार सांगितला. दस्तक नसलेली नौका ते पकडत. ईस्ट इंडिया कंपनीला हे मान्य नव्हते. १७१२ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका आंग्रेंनी पकडली. त्या चकमकीत कंपनीच्या कारवार वखारीचा प्रमुख मारला गेला. त्याच्या पत्नीला कान्होजींनी तीस हजार रुपये खंडणी घेऊन पुढच्या वर्षी सोडले. या पद्धतीत निरपराध प्रवासी आणि व्यापारीही भरडले जात, हे नाकारता येत नाही. मात्र ज्याच्याकडे राजाची नेमणूक, किल्ले आणि महाल आहेत, त्याला केवळ लुटारू म्हणता येत नाही. १७१४ नंतर तर त्यांच्या अधिकारावर साताऱ्याची मोहोर होती.

इंग्रज-पोर्तुगीजांचे हल्ले का फसले?

मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने १७१८ मध्ये खांदेरीवर चढाई केली, ती अपयशी ठरली. उथळ पाण्यात जाता यावे म्हणून इंग्रजांनी सपाट बुडाचा तरंगता तोफखाना बांधला आणि १७२० मध्ये तो विजयदुर्गावर नेला, तोही निरुपयोगी ठरला. १७२१ च्या अखेरीस कमोडोर मॅथ्यूज याच्या राजनौका, कंपनीचे सैन्य आणि पोर्तुगीज व्हाइसरॉय यांनी मिळून सुमारे सहा हजार सैनिकांसह अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर हल्ला केला. किल्ला टिकलाच, शिवाय बाजीराव पेशवे फौज घेऊन मदतीला आले. १७१४ च्या तहाचा उपयोग इथे दिसला. दोन्ही मित्रांमध्ये बेबनाव झाला आणि पोर्तुगीजांनी १७२२ च्या जानेवारीत मराठ्यांशी स्वतंत्र तह केला. १७२४ मध्ये डचांचा विजयदुर्गावरील हल्लाही परतवला गेला.

पुढे काय झाले?

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. अलिबागला त्यांची समाधी आहे. सेखोजींनंतर भावांत वाटण्या झाल्या आणि आरमार कुलाबा व विजयदुर्ग असे विभागले. १७४९ मध्ये शाहू महाराज साताऱ्यात निवर्तले आणि सत्तेचे केंद्र पुण्याकडे गेले. विजयदुर्गचे तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते. अखेर नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली एकमेकांना लागून उभ्या केलेल्या तुळाजींच्या नौकांवर तोफगोळा पडला आणि एकीची आग दुसरीला लागत संपूर्ण ताफा जळाला. चपळाईवर जगलेले हे आरमार नांगरलेल्या जागीच संपले. त्यावेळी घाटावरून त्याच्या मदतीला कोणी आले नाही. मुंबईतील नौदलाच्या तळाला १९५१ मध्ये आयएनएस आंग्रे हे नाव देण्यात आले.